जांभळी कड

ताटलीवर जिवाणूंच्या अकरा वसाहती होत्या. दहा पांढऱ्या, अकरावीच्या कडेला जांभळी छटा. रक्त बो-युआनचं. वय चार, ताप ३९.८.

"काचपट्टीचा जांभळा रंग सांडलास तू," यू-झेनताई न बघताच म्हणाली. प्रयोगशाळेत ती माझ्याहून नऊ वर्षांनी वरिष्ठ.

"ताई, मी काचपट्टी पलीकडच्या टेबलावर रंगवली."

"मग यंत्राला विचार."

जिवाणू ओळखणारं यंत्र परवापासून बंद होतं. त्यानं नीट वागावं म्हणून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर ठेवलेली खाऊची हिरवी पिशवी मी उलटून पाहिली. तारीख टळून गेलेली.

"म्हणूनच रुसलंय," ताई म्हणाली आणि तिनं ताटली भिंगाखाली धरली. ताटली फिरवून तीच कड पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "वॉर्डात फोन कर."

आमच्या पिंगतुंगच्या चिखलात असा एक जांभळा जिवाणू असतो. रक्तात क्वचित शिरतो, पण शिरला की दोन-तीन दिवसांत मूल हातचं जातं. बो-युआनला चालू असलेल्या सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाला तो सहसा दाद देत नाही.

मी फोनवर दुसरं औषध सुचवलं, तसे वॉर्डातले डॉ. जियान वैतागले. "सिप्रोफ्लॉक्सासिन? एवढ्याशा पोराला? सांधे धरले तर? नुसत्या छटेवर नाही देणार मी. आजी तर म्हणतेय, पोरगं पाण्यात गेलंच नाही."

मला बसवेना. मी वॉर्डात गेले. आजी पोराच्या कपाळावरची ओली घडी बदलत होती. त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"आजी, हे कुठे लागलं?"

"ठेच लागली. तू डॉक्टर की पोलीस?"

"मी रक्त तपासते. तो चिखलात गेला असेल, तर औषध बदलायला हवं. आत्ता."

तिनं दाराकडे पाहिलं. सून खाली औषधं आणायला गेली होती.

"बालवाडी बुडवून कोळंबीच्या तळ्यावर नेलं मी त्याला," आजी पुटपुटली. "गळ टाकताना घसरला, गुडघाभर चिखलात. एका कोळंबीनं नांगीनं अंगठा फाडला. सुनेला कळलं तर ती मला याच्या जवळ फिरकू देणार नाही."

"मला डॉक्टरांना सांगावंच लागेल, आजी."

ती घडी पिळत राहिली. "मग उभी काय राहिलीस? पळ!"

औषध तासाभरात बदललं. मी खाली येऊन नव्या ताटलीवर जिवाणू पसरले, वर दोन्ही औषधांच्या चकत्या ठेवल्या.

सकाळी ताटली शाई सांडल्यासारखी जांभळी होती. चकत्यांभोवतीची, जिवाणू न वाढलेली मोकळी वर्तुळं मी पट्टीनं दोनदा मोजली. सेफ्ट्रियाक्सोन सहा मिलिमीटर, म्हणजे नुसती चकतीच. सिप्रोफ्लॉक्सासिन एकतीस.

वॉर्डात फोन करून ताप विचारला. ३७.९.