खुर्ची हलवून बघा

सुताराची बायको गेली त्या सकाळी तिचा देह ठेवायला जागा हवी म्हणून शेजाऱ्यांनी बाहेरच्या खोलीतली तिची खुर्ची दाराशी सरकवली, आणि साहेब येऊन त्या खुर्चीवर धाडकन आदळले. साहेब म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा. नाव तिनंच ठेवलेलं. साहेबांना दिसत नाही, हे सुताराला त्या दिवशी कळलं.

"ताईला वर्षभर माहीत होतं, भावोजी," मेहुणी म्हणाली. "म्हणून तर खुर्ची हलवू देत नव्हती."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय? तुमचं उत्तर ठरलेलं. वय झालं, चालायचंच."

तिच्या छातीत दुखायचं, तेव्हाही सुतार हेच म्हणाला होता. आणि खुर्ची वाटेत येते, चार बोटं सरकवू दे, म्हणून वर्षभर तिच्याशी भांडला होता.

माणसं पांगल्यावर फरशीवरचे खुर्चीच्या पायांचे डाग बघून त्यानं ती जिथल्या तिथे ठेवली. महिन्याभरानं साहेबांचे मोतीबिंदू काढून आणले. डोळ्यांत थेंब घालायची वेळ एकदाही चुकवली नाही. तिच्या गोळ्यांची वेळ त्याला कधी आठवली नव्हती.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी साहेबांसमोर कापसाचा बोळा सोडला. "कापसाचा आवाज होत नाही. मान फिरली तर दिसलं."

साहेबांनी जांभई दिली. दुसऱ्या बोळ्याला मान जराशी हलली.

"घरी कसे चालतात?"

"झकास. कुठे धडकत नाहीत."

"सामान हलवलंत?"

"नाही."

"मग ते पाठांतर झालं, काका. दिसत नव्हतं तेव्हाही असेच चालायचे ना? खुर्ची हलवून बघा आणि लगेच कळवा. आत काही बिघडलं असेल, तर उशीर झाल्यावर माझ्याही हातात काही राहणार नाही."

घरी येऊन त्यानं खुर्चीच्या हातांना धरलं. तिच्या कोपरांनी तिथलं पॉलिश उडालं होतं. साहेब दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. की नुसतेच कान देऊन होते, कुणी सांगावं.

संध्याकाळी, तपासणीला सोबत आलेल्या मेहुणीचा फोन आला. "हलवली?"

"उद्या."

"तुमचा उद्या ताईनंही बघितलाय, भावोजी."

आज चौथा दिवस. साहेब खुर्चीला बरोबर वळसा घालून जातात. खुर्ची अजून हलवलेली नाही.