आडवा तुकडा

दिराच्या कारखान्यातला पाइप प्रयोगशाळेत चाचणीला नेमका आपल्याच टेबलावर येईल, असं वहिनींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आला, तेव्हा त्यांनी आधी निवांत चहा मागवला. असला घास घाईने गिळायचा नसतो.

याच दिराने सख्ख्या भावाला आयुष्यातून उठवलं होतं. त्याच्याच पाइपांची वाफेची लाइन फुटली, तेव्हा चीर पाइपाच्या अंगातून सरळ लांबीने धावत येऊन जोडापाशी थांबली होती. तरी हा चारचौघांत म्हणाला, "दादाचं वेल्डिंगच कच्चं." त्यानंतर वहिनींच्या नवऱ्याला कुणी काम दिलं नाही.

"वहिनी, नमुना लांबीनेच कापा हं, नेहमीसारखा," दीर खुर्ची ओढत म्हणाला.

"का हो भाऊजी, आडवा कापला तर दुखतं का त्याला?"

पाइप विकत घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई शेजारीच होत्या. "फरक पडतो?" त्यांनी विचारलं.

"लाकडासारखं आहे," वहिनी म्हणाल्या. "पोलाद ओढून लांब करताना आतली घाणही लांबीने ताणली जाते. तिचे धागे तोडत जाताना चीर दमते, पण धाग्यांबरोबर सुसाट सुटते. आतला दाब पाइपाला फुगवतो, म्हणून तो फाटतो लांबीनेच. लांबीने कापलेला नमुना नेमकी ती वाट तपासत नाही."

"मग दोन्ही कापा," बाई म्हणाल्या. दिराने रुमाल काढला.

दुपारी यंत्राचा जड हातोडा झुलत आला. लांबीचा तुकडा नुसता वाकला. हातोड्याचीच दमछाक झाली. आडवा तुकडा मात्र बिस्किटासारखा मोडून तो पुढे गेला.

बाई फोटो काढायला वाकल्या, तसा दीर कुजबुजला, "वहिनी, घरातलं घरात ठेवू. काय हवं ते सांगा."

"ह्यांना फोन लावा. स्पीकरवर."

त्याने लावला. म्हणाला, "दादा, ती लाइन तुझ्या जोडामुळे नव्हती फुटली. पाइपच खराब होता. मला माहीत होतं."

पलीकडून मग आवाज आला, "मलाही माहीत होतं." फोन बंद.

बाई कधीच सरळ उभ्या राहिल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

"झालं ना समाधान?" दीर म्हणाला. "आता पास करून टाका."

"पास करते असं कुठे म्हटलं मी?" वहिनींनी लाल रंगाचा डबा उघडला आणि पाइपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भली मोठी फुली मारली. "बाकीचे पण आणा, भाऊजी. रंग भरपूर आहे."