करंगळीखालचं झाकण

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम खारघरला, एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आहे. सोफ्यामागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून मला आडवं ठेवलं आहे. मी एक जुना, काळा क्लॅरिओनेट आहे, म्हणजे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य. घरी पाहुणे आले की माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मला कोणी वाजवत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझं दुःख वेगळं आहे. मला एका मुलीला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती मला सांगता आली नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. शिसवी लाकूड कोरून माझं अंग केलं आणि त्यावर चकचकीत चाव्या बसवल्या. प्रत्येक चावीच्या टोकाला एक छोटं गोल झाकण असतं. ते भोकावर घट्ट बसलं तरच वारा आत राहतो आणि सूर उमटतो. तिथून मी आलो तो थेट पनवेलजवळच्या कोन गावी, दयाराम यांच्या बँडमध्ये. बत्तीस वर्षं त्यांनी मला वाजवलं. हळदी, वराती, साखरपुडे. शिरढोणपासून उरणपर्यंत आम्ही एकही गाव सोडलं नाही. चैत्रात गावदेवीची पालखी निघाली की पहिला सूर माझा. तो मान दयारामांच्या घराचा होता. लोक म्हणत, "दयाराम फुकाया लागला का पालखी हलकी व्हते." तेव्हा मी फार तोऱ्यात असायचो.

त्याच काळात एका वरातीत गर्दीचा धक्का लागला आणि माझ्या एका चावीची स्प्रिंग ढिली पडली. तिचं झाकण किंचित उघडं राहू लागलं. दयारामांनी चालता चालताच डाव्या हाताची करंगळी त्या झाकणावर दाबून धरली आणि वेळ निभावून नेली. लग्नसराई संपली की दुरुस्तीला टाकू, असं ते म्हणाले होते. ती सराई संपली, दुसरी आली, तिसरी आली. करंगळी आपोआप तिथे जाऊन बसू लागली. पुढे झाकण बिघडलेलं आहे हेच ते विसरून गेले. मीही कधी कुरकुर केली नाही, कारण त्यांच्या करंगळीखाली माझं सगळं झाकून जात होतं.

मग डीजे आले आणि बँड मोडला. दयारामांचे पुढचे दात हलू लागले. चार सूर वाजवले की हिरड्या ठणकायच्या. आता पालखीचा मान सांभाळायचा कोणी? मुलगा हरेश गोदामात नोकरीला. त्याने सरळ हात वर केले. त्याची धाकटी बहीण भावना खारघरच्या एका लॅबमध्ये कामाला जायची. ती म्हणाली, "बाबा, मी शिकतंय."

हरेश हसला. "ये बाईमानसाचं काम नाय. त्याला छातीत दम लागतो."

"माज्या छातीत दम नाय? चैत्रात बघ तू."

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली. पहिला आठवडा नुसता तोंडात धरायचा तुकडा. त्यावर वेताची पातळ पट्टी बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. ती आधी जिभेने ओली करायची, खालचा ओठ दातांवर दुमडायचा, गाल फुगवायचे नाहीत. पहिल्या दिवशी माझ्यातून अशी काही किंकाळी निघाली की अंगणातलं कुत्रं उठून गेलं. पण भावना हटली नाही. रोज कामावरून आली की चहाआधी मला हातात घ्यायची. महिन्याभरात वरचे सूर स्वच्छ येऊ लागले. मग उजव्या हाताची बोटं ठेवून खालचे सूर काढायची वेळ आली, आणि तिथे सगळं अडलं. सूर फुटायचा, नुसती हवा फुसफुसायची.

"बोटं नीट बसव. करंगळी मोकळी सोड," दयाराम सांगत. त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. मग दात सांभाळत ते स्वतः वाजवून दाखवत, आणि त्यांची करंगळी गुपचूप त्या झाकणावर जाऊन बसे. सूर खणखणीत येई. भावना टक लावून त्यांच्या ओठांकडे पाहत राही. अगं बाई, ओठ नको, करंगळी बघ! मी आतल्या आत जीव तोडून सांगत होतो. पण फुंकल्याशिवाय मला आवाज नाही, आणि फुंकलं तरी शब्द नाहीत.

एका संध्याकाळी दयाराम वैतागले. तिच्या मागे उभे राहिले आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. करंगळी सवयीने झाकणावर पडली. भावनाने फुंकलं, आणि खालचा सूर भरून आला, इतका गोड की तिची आई हौसा हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. मला वाटलं, आता कळेल! दयारामांनी हात काढला. सूर पुन्हा फुटला.

"बघा बाबा, तुमचा हात हाय तवरच वाजतं. माजा दमच नाय पुरत," भावना म्हणाली.

"हाताला बत्तीस वर्सांचा गुण हाय गो पोरी," दयाराम म्हणाले. त्यांना आतून थोडं बरं वाटलं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणूनच कदाचित त्यांनी पुढे काही शोधलं नाही.

चैत्र आला. पालखीपुढे भावना उभी राहिली. वरचे सूर आले, लोक शांत झाले. खालच्या सुरावर मी गळलो. पुन्हा फुंकलं, पुन्हा गळलो. कोणीतरी खिदळलं. कोणीतरी डीजेवाल्याला खूण केली. भावना गर्दीतून घरी आली, तिने मला आतून बाहेरून नीट पुसलं, रीड काढून डबीत ठेवली आणि म्हणाली, "दादा बोलला तेच खरं." ती तिच्या दमाला दोष देत राहिली, दयाराम आपल्या शिकवण्याला. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

पुढे हरेशने मला विकायला माझा फोटो मोबाईलवर टाकला आणि खारघरच्या या साहेबांनी भिंतीसाठी मला नेलं. देताना दयारामांनी मला शेवटचं हातात धरलं. करंगळी त्याच जागी बसली.

मित्रांनो, तुम्ही काही नवीन शिकत असाल आणि जमत नसेल, तर स्वतःला नावं ठेवण्याआधी हातातली वस्तू एकदा जाणत्याकडून तपासून घ्या. आणि खारघरच्या एखाद्या लॅबमध्ये कधी रक्त तपासायला गेलात, आणि सुई टोचताना "घाबरू नका" म्हणणारी कोन गावची भावनाताई भेटली, तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, दुसरा कुठलाही क्लॅरिओनेट हातात घे. तुझा दम पुरेसा होता. गळत होतो तो मी.