गोदावरी उर्फ सुनीती

"सुनीती कौन है?" हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या देवयानीनं विचारलं.

"माझी बायको. ते काय, तिथं बाकावर बसली आहे," यशवंतराव बोंडे म्हणाले.

"और गोदावरी?"

"कोण गोदावरी?"

देवयानीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मुलगी नागपूरकर आईबापांची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच द्यायची. "अंकल, राशन कार्ड में मुखिया का नाम सुनीती बोंडे है. आधार में गोदावरी बोंडे. अंगूठा एक, नाम दो. सिस्टम समझ रहा है दो औरतें हैं. ऐसे अप्रूवल नहीं आएगा."

यशवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खोटं नव्हतं. रायपूरच्या गुढियारीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत त्यांनी अडतीस वर्षं बिल्ट्या लिहिल्या होत्या. कोणाचा माल, कोणाच्या नावानं, कुठं उतरवायचा, हे त्या कागदावर लिहायचं काम. त्यांच्या हातची एक बिल्टी कधी चुकली नाही, असं ते पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला किमान दोनदा तरी ऐकवून चुकले होते. आणि आता घरातलीच बिल्टी चुकलेली निघाली.

"आज शाम तक नहीं हुआ, तो कल का नंबर जाएगा," देवयानी जरा हळू आवाजात म्हणाली. "सर्जन साहब फिर तीन हफ्ते बाद आएँगे."

तीन आठवडे थांबायचं नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. बाईंच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना भिंत धरावी लागायची. रेशन कार्डावर सरकारी योजनेतून ऑपरेशन फुकट होणार होतं. कार्ड नसतं तर दोन खोल्यांचं घर विकावं लागलं असतं, आणि तेही पुरलं असतं की नाही देव जाणे. यशवंतरावांचे थोरले भाऊ शामराव ह्याच दुखण्यानं गेले. तेव्हा कसलंच कार्ड नव्हतं. टाटीबंधचा प्लॉट विकून पैसे उभे होईपर्यंत शामराव थांबले नाहीत. पुढे सरकार बदललं, योजनेचं नाव बदललं, कार्डावरचे हसरे चेहरे बदलले. यशवंतराव प्रत्येक सरकारला सारख्याच शिव्या घालत. पण कार्ड मात्र त्यांनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवलं होतं.

ते बाकाशी गेले.

"काहून वं, आधारात तू गोदावरी काहून लिहवलं?"

बाईंनी पदर सावरला. दम लागत होता, म्हणून थोडं थोडं बोलल्या. "शाळेत कॅम्प लागला होता ना. तुम्ही मालधक्क्यावर गेले होते. त्या पोट्ट्यानं विचारलं, अम्मा, आपका नाम? मले इतक्या वर्सांत कोणी नावच नाही विचारलं. माहेरचंच तोंडात आलं."

"अन् मले सांगितलं नाही?"

"तुम्ही तरी कुठं विचारलं? राशनवाला अंगठा पाहते, नाव कोण पाहते?"

लग्नात, रीतीप्रमाणे, ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव यशवंतरावांनीच लिहिलं होतं. महिनाभर विचार करून त्यांनी सुनीती हे नाव निवडलं होतं. अक्षरही झोकदार काढलं होतं. मेव्हणी विजयानं कौतुक केलं होतं. पुढे चव्वेचाळीस वर्षं ते बायकोला 'ऐकलं का' म्हणत राहिले. रेशन कार्ड बाईच्या नावानं करायचं असा सरकारचा नियम आला, तेव्हा फॉर्म भरताना ते नाव त्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली नव्हती.

"काय लागेल?" त्यांनी काउंटरवर येऊन विचारलं.

"पार्षद का लेटर. दोनों एक ही औरत हैं, और आगे कौन सा नाम चलेगा. आप जाओ, आंटी को मैं देखती हूँ."

पार्षद म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, निरंजन साहू. घरासमोरच्या तुंबलेल्या नालीपायी ह्या माणसाविरुद्ध पंधरा वर्षं यशवंतराव अर्ज करत आले होते. महापालिकेत, जिल्हाधिकाऱ्याकडे, एकदा तर थेट नव्या रायपूरच्या मंत्रालयात, दोन बस बदलून. 'ह्याच्या दारात पाय ठेवणार नाही' असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. ई-रिक्षातून जाताना त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली. एकातही विनंती बसेना.

साहूंच्या ऑफिसात पंखा आणि गर्दी दोन्ही होतं. यशवंतराव उंबऱ्याशी थबकले. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत पाय ठेवला.

"आइए काकाजी! नाली?"

"नाली नाही. घरवाली."

सगळं सांगून झाल्यावर साहूंनी लेटरहेड ओढलं. "गवाह कौन है? पारे में तो सब उनको काकी बोलते हैं. नाम तो मुझे भी नहीं मालूम."

यशवंतरावांना एकदम खरंच भीती वाटली. पाऱ्यात, म्हणजे त्या वस्तीत, तीस वर्षं राहून बायकोचं नाव सांगू शकेल असा एक माणूस त्यांना आठवेना. एक विजया, ती वर्ध्याला. तिला फोन लावायला त्यांनी मोबाईल काढला. "साहूजी, मी खोटं बोलून नाही राहिलो. एकच बाई आहे. मले एकच आहे."

साहूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "फोन रखिए, काकाजी. पंद्रह साल से आप मेरे ख़िलाफ़ अर्ज़ी लिख रहे हो. एक में भी झूठ नहीं था." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. "बताइए, आगे कौन सा नाम रखना है?"

पेन थांबलं. गर्दीतलं कोणीतरी खोकलं. एक शब्द बोलला की झालं असतं. ताटातले तांदूळ, ती अंगठी, महिनाभराचा विचार हे सगळं यशवंतरावांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांना ते नाव फार आवडायचं. आवडायचं हे त्यांना आत्ता कळलं.

"गोदावरी," ते म्हणाले. "तिनं सांगितलं तेच."

सही झाली, शिक्का बसला. "एक फोटो लगेगा काकाजी. चुनाव है," साहू हसत म्हणाले.

"काढा ना. पण माह्या घरासमोर काढा. नाली दिसली पाहिजे."

ऑफिस खदखदून हसलं, साहूही हसले. "हव, वहीं खींचेंगे."

पाच वाजून दहा मिनिटांनी देवयानीनं काउंटरवरूनच अंगठा वर केला. यशवंतराव बाकावर बायकोशेजारी बसले आणि पोरासारखे रडले. बाई म्हणाल्या, "पाहा बरं, ऑपरेशन माहं अन् रडून तुम्ही राहिले."

दुसऱ्या दिवशी झडप बसली. तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढल्यावर यशवंतरावांना पाच मिनिटांसाठी आयसीयूत सोडलं. बाई डोळे मिटून पडल्या होत्या.

"सब ठीक है, बस सुस्ती है," सिस्टर म्हणाली. "नाम लेकर पुकारिए, दादाजी. आपकी आवाज़ से उठेंगी."

यशवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या पलंगावरचा पेशंट जागा होता. एवढ्या लोकांत बायकोचं नाव घ्यायचं, ह्या विचारानंच त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ऐकलं का," ते पुटपुटले. काही झालं नाही.

"नाम लेकर," सिस्टर पुन्हा म्हणाली.

"गोदावरी," त्यांनी हाक मारली. मग घसा खाकरून मोठ्यानं, "गोदावरी!"

बाईंचे डोळे मिटलेलेच होते. ओठ मात्र हलले. कुणीतरी लांबून, अंगणापलीकडून बोलावल्यावर द्यावी तशी त्यांनी ओ दिली.

सिस्टर पुढच्या पलंगाकडे गेली. यशवंतरावांनी बायकोच्या मनगटावरची पट्टी हलक्या हातानं फिरवून नाव वाचलं. मग पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावरचं वाचलं. दोन्ही पुन्हा एकदा ताडून पाहिली आणि ते स्टुलावर बसले.