शिरेच्या आतलं अस्तर

"ताई, अस्तर कुठंय?" मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच विचारलं.

मॅडम सरकल्यावर प्रयोगशाळेतल्या ताईंनी भिंगाला डोळा लावला. शिरेच्या चकत्या कापून काचेवर चढवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या. आज मात्र शिरेच्या आतल्या कडेला जिथं रंग दिल्यावर तपकिरी रेघ उमटायची, तिथं सगळं कोरं करकरीत.

"धुताना आतून चोळलीत?"

"रक्त थिजलं होतं हो आत. बोळ्यानं जरासं पुसलं."

"मग झालंच! गुठळ्या विरघळवणारं प्रथिन त्या अस्तरातच तर असतं. पेशींचा एकच थर, कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक. तुम्ही नेमका तोच पुसून टाकलात."

चकतीचं ताईंना काहीच वाटलं नाही. त्यांना नवऱ्याची पोटरी आठवली. प्लास्टर काढल्यापासून तेवढाच पाय सुजलेला, गरम. सकाळी त्यांनी तेल लावून तो चांगला रगडून दिला होता, वर "तुझा हात लागला की दुखणं पळतं," हे कौतुकही ऐकून घेतलं होतं.

"मॅडम, सुजलेली पोटरी चोळली तर तिथलंही अस्तर जातं?"

"अस्तराचं सोडा. आत गुठळी असली तर सुटून फुप्फुसात जाईल. कुणाची चोळलीत?"

ताईंनी घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला, उचलला गेला तो बऱ्याच वेळानं. तेवढ्या वेळात त्यांनी मनात नवऱ्याला कितीदा मारलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"काय गं? शेजारी गप्पा मारत बसलो होतो."

"अहो, हलू नका! आहात तिथंच बसा. मी गाडी करून येते."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय! बसा म्हणते ना!"

दवाखान्यात तपासणारी मुलगी पायावरून यंत्र फिरवत गुडघ्यामागं थांबली. "गुठळी आहे. मोठी आहे, पण जागेवरच आहे."

"जागेवर आहे!" ताई भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागल्या.

"अगं, गुठळी निघाली म्हणून आनंदानं रडतं का कुणी?" नवरा हसत मुलीकडे वळला. "सकाळी हिनं पाय चोळून दिला, म्हणून निभावलं बघा."

मुलगी चमकून ताईंकडे बघायला लागली. नवऱ्याचं एक वाक्य कधी पुरं होऊ न देणाऱ्या ताई पदराला तळहात पुसत राहिल्या.

"हात दे जरा, उठतो," तो म्हणाला.

ताईंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"तुम्ही उठवता का यांना?" त्या मुलीला म्हणाल्या.