वाढवलेल्या सुरकुत्या

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटोग्राफी क्लबची बैठक भरायची. पडद्यावर एकेकाचा फोटो लागायचा आणि बाकीच्यांनी त्यावर सूचना द्यायच्या. अध्यक्ष प्रफुल सरांचा फोटो लागला की मात्र सूचना आटून जायच्या. ‘वा सर’, ‘काय लाइट आहे’, एवढंच ऐकू यायचं.

क्लबात डॉक्टर होते, प्राध्यापक होते. फोटोवर पोट असलेली एकटी गुंजन. देवळीच्या बसस्टँडसमोर तिचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, सगळं ती करायची.

त्या रविवारी सरांचा नवा फोटो लागला. काळपट चेहऱ्याची, खोल सुरकुत्यांची, मिटल्या ओठांची एक म्हातारी. नाव ‘वेदना’. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तो जाणार होता. टाळ्या झाल्या. गुंजनचे हात मांडीवरच राहिले.

“सर, ह्या कमलाबाई हायेत. नाचणगावच्या. पुलगावच्या बाजारात भाजी विकतात.”

“असतील. फोटोबद्दल बोला.”

“फोटोबद्दलच बोलून राह्यली. घरकुलाच्या अर्जासाठी मागच्याच महिन्यात मी यांचा फोटो काढला. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या हायेत, तुम्ही ऐंशीच्या करून टाकल्या. सुरकुत्या वाढवल्या, कातडी काळी केली, डोळ्यातली चमक पुसली. एवढं करू नका. अन् खाली हातातला तराजू कापला गेला, तो फ्रेममध्ये घ्या. बाई काय करतात ते तरी समजंल.”

सरांनी पडद्यावरचा फोटो बंद केला.

“सूचना रचनात्मक असावी,” सर म्हणाले.

“काय सुधारायचं ते सांगितलं ना सर.”

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला : ‘मत देताना ज्येष्ठांचा मान राखावा. गुंजनताईंनी दिलगिरी व्यक्त करावी.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. गुंजनने लिहिलं, ‘माणसाचा मान ठेवते. फोटोले ज्येष्ठ-कनिष्ठ नसते.’

बुधवारी ती पुलगावच्या बाजारात गेली. कमलाबाई वांगी तोलत होत्या. गुंजनने सरांनी ग्रुपवर टाकलेला तो फोटो मोबाइलवर दाखवला. बाईंनी तो जवळ धरला, लांब धरला.

“हे मी हावो? मले तर वाटलं माही सासू होय.” त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. “त्यानं मले हस म्हनलं, म्हणून मी हसली होती वो. मंग हसू कुठं गेलं?”

“म्हणूनच मी भांडून राह्यली, मावशी.”

“भांड. अन् माह्या नावानं भांड. मी अशी दिसत नाई म्हण त्याले.”

पुढच्या बैठकीत गुंजनने आधी स्वतः काढलेला एक फोटो लावला. नवरीची पाठवणी होती. सगळे तुटून पडले. नवरीच्या डोक्यातून वायर निघाल्यासारखी दिसते. मागची भिंत तिरपी आहे. उजेड फार झाला, साडीची जर उडाली. गुंजन एकेक वहीत लिहीत गेली.

“वायर माही चुकली. भिंत बी. जरीचं मले पटत नाई, दुपारच्या उन्हात ती तशीच दिसत होती,” ती म्हणाली. “एवढं बोलले, पण मले कोणाचा राग आला नाई. आता सरांचा लावा.”

“तो विषय संपला,” सर म्हणाले.

“फोटो प्रदर्शनात जाऊन राह्यला, मंग विषय कसा संपला?”

मागच्या रांगेतून हरिदासभाऊ उठले. पोस्टातून रिटायर झालेले, बैठकीत कधी तोंड न उघडणारे. “सर, मूळ फोटो तरी दाखवा. आम्ही बी शिकून घेऊ.”

नाही म्हणायला सरांना जागा राहिली नाही. पडद्यावर मूळ फोटो आला. हिरव्या लुगड्यातल्या कमलाबाई तराजू उचलून हसत होत्या, दातांत थोडी फट. कुणीतरी हळूच म्हणालं, “हाच चांगला हाये.”

सरांनी लॅपटॉप मिटला. “कोणता पाठवायचा ते मी ठरवीन.”

“ठरवा. फोटो तुमचा हाये,” गुंजन म्हणाली. “चेहरा त्यायचा हाये. मी प्रदर्शनात येऊन बी हेच सांगीन.”

प्रदर्शनात काळा केलेलाच फोटो लागला. पहिल्याच दिवशी गुंजन कमलाबाईंना घेऊन वर्ध्याला गेली. दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही होती. ‘अतिसुंदर’, ‘हृदयस्पर्शी’ असं बरंच लिहिलेलं होतं. गुंजनने एक पूर्ण पान घेतलं. बाईंचं नाव, वय, गाव लिहिलं. सुरकुत्यांचं, तराजूचं, हसण्याचं, सगळं लिहिलं. खाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला.

कमलाबाईंनी पेन मागितला आणि तिच्या नावाखाली सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली. तेवढ्यात सर आत आले. बाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मी उभीच हावो.”