काकांचा हातगुण

सर्व्हरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रयोगशाळेतले, नोंदणीतले, दोन सिस्टर, सगळे काकांच्या उजव्या हाताकडे डोळे लावून उभे. काका निवृत्त ऑपरेटर. पण रुग्णालयाच्या सर्व्हरवर नवी प्रणाली बसवल्यापासून रोज सकाळी त्यांना गाडी पाठवून आणावं लागे. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात पाठवणारी स्क्रिप्ट सातला आपोआप चालायची, ती आता चालेना. पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाही.

काकांनी यंत्रावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "रुसलंय. त्याला ओळखीचा हात लागतो." मग अंगाआड चार कळा दाबल्या. वॉर्डातून फोन आला, रिपोर्ट मिळाले.

"याला म्हणतात हातगुण," मोठे साहेब म्हणाले आणि भिंतीला चिकटून उभ्या तंत्रज्ञ मुलीकडे वळले. "नाहीतर काहींचा पायगुण."

नवी प्रणाली तिनेच बसवली होती. पाच दिवस तिला कीबोर्डला हात लावायची बंदी होती आणि कामाच्या वेळात त्या बिनखिडकीच्या खोलीतून हलायचीही. आज संध्याकाळच्या बैठकीत तिच्या नोकरीचा निकाल होता. आईला अजून काही सांगितलं नव्हतं.

पण बंदी हातांना होती, डोळ्यांना नव्हती. "डॉक्टरबाई," ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाली, "मी सांगते, तुम्ही टाइप करा."

बाईंनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. स्क्रिप्ट ज्यात नोंदी लिहिते ती फाइल समोर आली. मालक: मुख्य खातं. वेळ: आज, नऊ वाजून दहा.

"नऊ वाजून दहाला कोणाचा हात होता?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"काका मुख्य खात्याच्या पासवर्डने स्क्रिप्ट चालवतात. त्या खात्याला सगळी दारं उघडी. पण मग नोंदींची फाइलही त्याच्याच नावावर होते. सकाळी स्क्रिप्ट तिच्या साध्या खात्यातून चालते, तिला त्यात लिहिता येत नाही, म्हणून अडते. काका आजचं कुलूप काढतात आणि उद्याचं लावून जातात. पहिलं मीच लावलं, चाचणी घेताना. ती माझी चूक. पायगुण नाही."

"यंत्रालाही जीव असतो, पोरी," काका म्हणाले. हात मात्र खिशात गेला होता.

बाईंनी तिच्या सांगण्यावरून फाइल साध्या खात्याच्या नावावर केली, स्क्रिप्टला दहा वाजताची वेळ दिली आणि सगळ्यांना मागे सरकवलं. दहाला कोणाचा हात न लागता रिपोर्ट गेले.

"मग पाच दिवस बोलली का नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"रोज म्हणत होते, साहेब, एकदा फाइल बघू द्या. तुम्ही गाडी पाठवत होतात."

संध्याकाळची बैठक झाली नाही. ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि आईला फोन लावला.

वाचकहो, ज्याच्यावाचून आपलं रोज अडतं, तो जाताना दाराला काय करून जातो, एवढं वाकून बघा. बघायला कोणाची परवानगी लागत नाही.